टेबलावरची सीताबर्डी



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. माझी शाळा आठवीला सुटली. त्यापुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, वर्गणीच्या पावत्या फाडता फाडता. तेव्हा इतिहासावर अधिकाराने बोलण्याचा माझा मानस नाही. मी एका खेळाविषयी बोलणार आहे.

मुर्रीला आमच्या घरच्या ओसरीवर जुन्या दाराची दोन फळकुटे जोडून एक टेबल केलेले आहे. रविवारी त्यावर १८१७ सालची सीताबर्डीची लढाई मांडली जाते. आपण नागपूर स्टेशनावर उतरलात की शेजारीच किल्ल्याची टेकडी दिसते. तीच ही जागा. किल्ला मात्र लढाईनंतर बांधलेला आहे. शिपाई आम्ही पोळ्याचे मातीचे बैल करणाऱ्या कुंभाराकडून करवून घेतले. त्याचा हात बैलांवर बसलेला, त्यामुळे आमच्या फौजेत माणसांपेक्षा बैलच देखणे आहेत. ते दारूच्या गाड्यांना जुंपतो.

हा खेळ आमच्या डोक्यातून निघालेला नाही. प्रशियात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली त्याचे नियम छापले. त्याच्या वडिलांनी आधीच राजासाठी असे टेबल करून दिले होते. मुलाने नकाशा घेतला, एक खेळी म्हणजे दोन मिनिटे असे ठरवले, आणि फासे व पंच आणले. बुद्धिबळात साऱ्या सोंगट्या दोघांनाही दिसतात. येथे शत्रूची जेवढी फौज पंच दाखवील तेवढीच दिसते. हुकूम चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आणि चिठ्ठी पोहोचेपर्यंत फौज जागची हलत नाही. आमच्याकडे पायदळ एका खेळीत एक वीत चालते, घोडदळ दोन विती. डोंगर चढताना निम्मे.

आता लढाई. आप्पासाहेब भोसल्यांची फौज सुमारे १८,००० आणि तोफा ३६. इंग्रजांच्या बाजूने सारे मिळून १,४०० च्या आसपास. हे आकडे इंग्रजांचेच आहेत, आणि जिंकणारा शत्रूची मोजदाद सढळ हाताने करतो हे ध्यानात ठेवावे. दोन टेकड्या, मध्ये खिंड. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर चालला. सकाळी लहान टेकडीवर इंग्रजांचा दारूचा साठा उडाला. त्या गडबडीत भोसल्यांच्या अरबांनी ती टेकडी घेतली. तेथून मोठी टेकडी माऱ्यात. लढाई जवळजवळ हातात आली होती. इतक्यात कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगालच्या घोडदळाचे तीन तुकडे घेऊन सपाटीवर हल्ला केला, आणि थोड्या वेळाने अरबांकडचा दारूचा गाडा उडाला. टेकडी परत गेली. दुपारपर्यंत सारे संपले. इंग्रजांकडचे मेलेले व जखमी ३६७, म्हणजे चौघांत एक.

हे पुस्तकात वाचले तेव्हा मला वाटले, १८,००० माणसे असताना हरलेच कसे? टेबलावर मांडले तेव्हा उत्तर डोळ्यांसमोर आले. भोसल्यांकडून खेळणारे पोर आधी खूश होते; मग त्याला कळते की यातले पुष्कळसे घोडदळ आहे, टेकडी ते चढू शकत नाही, आणि उतारावर एका वेळी मोजकेच लोक मावतात. बाकीची फौज बघत उभी. शिवाय हुकूम द्यायचा कोणी? स्वतः आप्पासाहेबांनी मागाहून सांगितले की हल्ला आपल्या आज्ञेने झाला नव्हता. चिठ्ठीवर सही नसेल तर आमचा पंच ती फाडून टाकतो.

येथे मला माझी स्वतःची एक लढाई सांगितली पाहिजे. तीसेक वर्षांपूर्वी एका बिडी कारखान्यात आम्ही संप केला. सभेला मैदान भरले. मी डोकी मोजली आणि जिंकल्यासारखा घरी आलो. फाटकावर आमचा पहारा इतका कडक की चिमणी आत जाणार नाही. पण बिडी फाटकाच्या आत वळली जाते काय? ती घराघरांत, बायामाणसांच्या सुपात वळली जाते. तेंदूपत्ता आणि तंबाखू सट्टेदार मागच्या वाटेने दुसऱ्या गावांना पोहोचवीत होते. त्या गावी मी एक माणूस पाठवला नव्हता. अकराव्या दिवशी आमच्या लोकांच्या घरचे तांदूळ संपले. संप मोडला, बारा जणांचे काम गेले. त्यांपैकी एकाची म्हातारी आई वाटेत भेटली की आजही मला हात जोडून नमस्कार करते, आणि मला मान वर करवत नाही. आमची लहान टेकडी कोणती होती हे मला पुष्कळ वर्षांनी, सीताबर्डी मांडताना कळले. संपापूर्वी कोणी हे टेबल मला मांडून दाखवले असते तर!

काही मित्र विचारतात, मजूर चळवळीतला माणूस लढाईचा खेळ कसा खेळतो? त्यांना मी वेल्ससाहेबांचे नाव सांगतो. एच. जी. वेल्सने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या युद्धाचे नियमांचे पुस्तक लिहिले, आणि त्याच पुस्तकात खऱ्या युद्धाचा मूर्खपणा उघडा केला. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. पुस्तकाने ते थांबले नाही हेही खरे.

आमच्या मुलांत खरे भांडण झाले ते रंगावरून. एक म्हणाला, इंग्रजांचे शिपाई गोरे रंगवा. मी म्हटले, बाबा, टेकडीवर बंदूक धरणारे बहुतेक मद्रासी पायदळाचे, घोड्यावरचे बंगालच्या फौजेचे. गोरे थोडे, तेही बहुतेक अधिकारी. पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, 'मग ते तिकडून का लढले?' मी म्हटले, कंपनीचा पगार वेळेवर मिळे. हे सारे उत्तर नव्हे, पण पगाराचा प्रश्न मला तरी टाळता येत नाही. भोसल्यांचे अरब तर नागपूर पडल्यावरही शहरात अडून बसले आणि बायकामुलांसह सुखरूप जाऊ देण्याचे वचन घेऊनच ३० डिसेंबरला बाहेर पडले. वाटाघाट कशी करावी हे त्यांना ठाऊक होते.

शेवटी दोन्हीकडचे शिपाई एकाच मातीच्या रंगाचे ठेवले. फक्त फेटे वेगळे.

आता मुलांना १८१८ सालचे कामठा हवे आहे, चिमणा पाटलाचे. ते येथून दूर नाही. येत्या रविवारी दोरी घेऊन जमीन मोजायला जायचे आहे; ज्यांना उन्हाची भीती नसेल त्यांनी सकाळी सहाला मुर्रीच्या फाट्यावर यावे.