एल.आय.सी. इमारतीचा वास्तुकार कोण?

मंडळी, नागपूरकर भोसल्यांचा अंमल पाहिलेल्या जबलपुरात, या गोहलपुरात, आपण जमलो आहोत. तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कर्तृत्वाचा विषय निघणारच. तो निघाला की आपण सरदार, दिवाण, देवळे आणि घाट इथवर येऊन थांबतो. विसाव्या शतकात परमुलखात जाऊन व्यवसाय थाटणारे आपल्या गणतीत नसतात. म्हणून आज मी मद्रासच्या माउंट रोडवरची, म्हणजे आताच्या अण्णा सालैवरची, एल.आय.सी. इमारत निवडली आहे. उंची १७७ फूट, मजले १५, उद्घाटन २३ ऑगस्ट १९५९ रोजी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या हस्ते. भारतातल्या गगनचुंबी इमारतींचा इतिहास बहुधा तिच्यापासून सांगितला जातो. वास्तुकार म्हणून लंडनचे एच. जे. ब्राउन आणि एल. सी. मूलिन ही नावे येतात, एल. एम. चितळे हे नाव आलेच तर ‘उरलेले काम पूर्ण केले’ एवढ्या शेपटासह येते. माझे म्हणणे असे की चितळे या इमारतीचे बरोबरीचे कर्ते आहेत.

आधी इमारत उभी कशी राहिली ते पाहू. युनायटेड इंडिया लाइफ अ‍ॅश्युरन्स या कंपनीची सूत्रे एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांच्याकडे होती. इंडियन ओव्हरसीज बँक काढणारे हेच गृहस्थ. उंच इमारतीचा ध्यास त्यांचा. विमा कंपनीनेच तो घ्यावा यात नवल नाही. शिकागोत विल्यम ले बॅरन जेनी यांनी १८८५ साली बांधलेली १० मजली इमारतसुद्धा होम इन्शुरन्स कंपनीचीच होती. हप्त्यांचा पैसा वर्षानुवर्षे साठत जातो, तो भाड्याच्या जागेत गुंतवणे सोयीचे असते; शिवाय तीस वर्षांनी पैसे देण्याचे वचन विकणाऱ्याला आपण तीस वर्षे टिकणार हे रस्त्यावरून दिसेल असे दाखवावे लागते. माउंट रोडवर काम सुरू झाले १९५३ मध्ये. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये चेट्टियार सिंगापूरच्या विमान अपघातात गेले. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, २४५ देशी-विदेशी संस्था एका महामंडळात विलीन झाल्या आणि अर्धवट उभा सांगाडा सरकारी मालकीचा झाला. १९५७ मध्ये ब्राउन आणि मूलिनही निघून गेले. ज्याने स्वप्न पाहिले तो नाही, ज्या कंपनीने पैसा घातला ती नाही, ज्यांनी नकाशे काढले तेही नाहीत, अशा अवस्थेत काम चितळ्यांकडे आले. ते काही नवखे नव्हते. १९३० च्या दशकापासून मद्रासमध्ये त्यांचा जम बसला होता आणि आर्मेनियन स्ट्रीटवरची ओरिएंटल विमा कंपनीची इमारत त्यांचीच.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: कल्पना ज्याची, वास्तू त्याची, नंतरचा माणूस फक्त मुकादम. मला हे पटत नाही. रोममधल्या सेंट पीटरच्या घुमटाचे काम चालू असताना मायकेलअँजेलो १५६४ मध्ये वारला. जाकोमो देल्ला पोर्ता याने तो १५९० मध्ये पुरा केला, तो अधिक उभट करून. आज जग पाहते ती त्याची रेषा. उंच इमारतीत तर निर्णय शेवटच्या दिवसापर्यंत घ्यावे लागतात, कारण लिफ्ट, पाण्याचे नळ, विजेच्या तारा आणि आगीपासूनचा बचाव हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते. चुना-विटांच्या बांधणीवर पोसलेल्या शहरात काँक्रीटच्या खांबांचा हा प्रयोग होता. शिवाय जबाबदारीचा प्रश्न आहेच. २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप सोसलेल्या या शहरात तो वेगळा समजावून सांगायला नको. घर तडकले तर लोक त्याची पहिली रेघ कुणी ओढली हे विचारत नाहीत, पुरे करून ताब्यात कुणी दिले हे विचारतात. दोष ज्याच्या माथी येणार त्याला श्रेयाच्या वेळी मात्र दाराबाहेर उभे करायचे, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप उंचीचा. १७७ फुटांना गगनचुंबी म्हणायचे तर तंजावरच्या बृहदीश्वराचे विमान, दोनशे फुटांहून उंच आणि हजार वर्षे जुने, त्याला काय म्हणावे? आक्षेप वजनदार आहे, आणि नुसत्या फुटांच्या हिशेबात तो जिंकतोही. पण त्या विमानाच्या माथ्यावर रोज सकाळी कुणी कामाला जात नाही. नवे होते ते हे, की भार भिंतींऐवजी सांगाड्याने पेलावा, वर जायला लिफ्ट असावी आणि प्रत्येक मजल्यावर माणसे राबावीत. जेनींची इमारत तर मूळची १३८ फुटांचीच होती. ती पहिली की नाही याचा वाद १९३१ मध्ये ती पाडली गेल्यावरही मिटला नाही, कारण काही भार भिंतींवरच होता असे निघाले. मुंबईत १८६० च्या दशकातच वॉटसन हॉटेल बिडाच्या सांगाड्यावर उभे राहिले होते. त्यामुळे ‘पहिली’ या बिरुदावर मी फार भर देणार नाही. ते गेले तरी माझ्या म्हणण्याला धक्का लागत नाही.

१९७५ च्या जुलैत या इमारतीला मोठी आग लागली, बरेच नुकसान झाले. दुरुस्तीनंतर ती पुन्हा वापरात आली आणि आजही तिथे कचेऱ्या भरतात. माझी या संमेलनाला सूचना आहे ती नोंदीपुरतीच: आपल्या कोशांत आणि पाठ्यपुस्तकांत या इमारतीपुढे ब्राउन, मूलिन आणि चितळे ही तीन नावे एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत छापली जावीत, आणि चेट्टियारांचे नाव करवून घेणारे म्हणून त्यांच्या वर.