परदेशातील पहिली सही

(रविवारच्या सभेत केलेले भाषण)



मागील सभेनंतर एक मावशी मला विहाराच्या दाराशी भेटल्या. त्यांचा मुलगा लादी बसविण्याचे काम करतो. त्याला दुबईत नोकरी मिळाली असून थोड्याच दिवसांत त्याला निघावयाचे आहे. मावशी म्हणाल्या, "वकीलसाहेब, बॅगेत चटणी, पापड, औषधे सारे भरले. तेथे उतरल्यावर पोराने काय करावे, एवढे तुम्ही सांगा." त्या माउलीला दोन शब्दांत उत्तर देणे मला जमले नाही. आजचे भाषण हेच माझे उत्तर होय. ज्या घरातून कोणी परदेशी गेले आहे अथवा जाणार आहे, त्या प्रत्येक घराने ते आपणास उद्देशून आहे असे समजावे.

प्रथम माझ्याकडे आलेल्या एका अशिलाची हकीकत सांगतो. गावी दरमहा सोळाशे दिरहम पगाराचे पत्र दाखवून दलालाने त्याला दुबईला पाठविले. घरच्यांनी सोने गहाण ठेवले, वर व्याजाने पैसे काढले. निघताना विमानतळावर दलालाच्या माणसाने ते पत्र "तिकडे द्यावे लागते" म्हणून मागून घेतले. मध्यरात्री तो तेथे उतरला. राहण्याच्या जागी पोहोचताच त्याच्यापुढे अरबी भाषेतील एक कागद ठेवण्यात आला व त्याने सही केली. महिनाअखेरीस हाती हजार दिरहम आले. दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. मी त्याला विचारले, "सही का केलीस?" तो म्हणाला, "साहेब, सही केली नसती तर दुसऱ्या दिवशी परतीच्या विमानात बसविले असते. मग व्याज कोणी भरले असते?" या प्रश्नापुढे मी निरुत्तर झालो. पहिले पत्र त्याच्याजवळ नव्हते, घरीही त्याची नक्कल नव्हती. कागदावाचून मी कोणापुढे काय मांडणार होतो?

मित्रहो, आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठविले. कागदात काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, हा त्यांचा दोष नव्हे. परंतु शाळा शिकलेला त्यांचा नातू जर न वाचता सही करील, तर त्या सहीत आणि त्या अंगठ्यात अंतर ते काय राहिले?

आता क्रमाने पाहू. दहावी उत्तीर्ण न झालेल्या माणसाला संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, बहरीन आदी देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी परवानगी घ्यावी लागते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने ही व्यवस्था केलेली आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालाजवळ सरकारी नोंदणीचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे, आणि त्याला आपले शुल्क ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेता येत नाही. त्याची पावती मागणे हा तुमचा हक्क आहे. जो दलाल पावती देत नाही, तो उद्या ओळखही देणार नाही. याच व्यवस्थेत प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये भरले असता अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

आणि एक गोष्ट गाठीशी बांधा. "आता पर्यटनाच्या व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो" असे कोणी म्हणेल, तर जाऊ नका. त्या व्हिसावर काम करणे तेथील कायद्याने गुन्हा आहे. तेथे उतरण्यापूर्वीच जो गुन्हेगार ठरला, तो पगार बुडाल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

आता विमानातून उतरल्यानंतरचा विचार करू. मावशींचा मुलगा दुबईस जात आहे, म्हणून अमिरातीचाच कायदा सांगतो. इतर देशांचे कायदे वेगळे आहेत. घरकामासाठी जाणाऱ्यांना अमिरातीतही वेगळा कायदा लागू आहे, हे आमच्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

अमिरातीत २०१६ पासून असा नियम आहे की, नोकरीच्या अटींचे पत्र कामगाराने आपला देश सोडण्यापूर्वीच वाचून त्यावर सही करावयाची, आणि तेथे गेल्यावर होणारा करार त्या पत्राशी जुळला पाहिजे. कामगाराचे नुकसान करणारा बदल मध्येच घुसविता येत नाही. हे पत्र अरबी व इंग्रजीबरोबर कामगाराला समजणाऱ्या आणखी एका भाषेत मिळू शकते. त्या भाषांत मराठी नाही, परंतु हिंदी आहे. तेव्हा हिंदी प्रत मागा. मागितल्याने नोकरी जात नाही. न मागितल्याने पगार जातो.

मध्यरात्री पुढे केलेल्या कागदावर काय करावे? माझ्या त्या अशिलाचा प्रश्न मी विसरलेलो नाही. कर्ज डोक्यावर असता नकार देणे सोपे नाही, हे मी जाणतो. म्हणून म्हणावे, "वाचून उद्या सही करतो." कागदाचे छायाचित्र काढून त्याच घटकेस घरी पाठवावे. बळजबरीने सही घेतलीच, तर कोणत्या दिवशी, कोठे, कोणापुढे घेतली हे लिहून तेही घरी कळवावे, आणि पहिले पत्र दाखवून तेथील मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करावी. २०२४ पासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या तक्रारींत निर्णय देण्याचा अधिकार या मंत्रालयालाच मिळालेला आहे.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. अमिरातीत २०२१ साली कामगार संबंधांचा नवा कायदा झाला व तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. मालकाने कामगाराची अधिकृत कागदपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडील १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचे १७ वे कलम तर सांगते की, पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता होय. तो जेथे तुमच्याही मालकीचा नाही, तेथे मालकाच्या पेटीत त्याचे काय काम? निवास परवान्यासाठी तो द्यावा लागतो. तेवढे काम होताच परत घ्यावा. भरतीचा खर्च कामगाराकडून प्रत्यक्ष वा आडमार्गाने वसूल करण्यासही याच कायद्याने मनाई केली आहे.

तिसरी गोष्ट पगाराची. पत्रात एकूण आकडा किती, एवढेच आपण पाहतो. मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे पाहत नाही. नोकरी सुटताना मिळणारे उपदान मूळ पगारावर मोजले जाते. वर्षभर सलग नोकरी झाल्यावर त्याचा हक्क निर्माण होतो, आणि पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार मिळतो. एकूण पगार १,५०० दिरहमच असला, तरी मूळ पगार १,००० असल्यास पाच वर्षांचे सुमारे ३,५०० दिरहम होतात. ६०० असल्यास केवळ २,१००. काम तेच, घाम तोच. कागदावरील एका रकान्याने हा फरक पडतो.

कामाचे तास दिवसाला आठ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस. त्याहून अधिक कामाचा मोबदला मूळ पगाराच्या दराहून किमान पंचवीस टक्के अधिक, आणि रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत पन्नास टक्के अधिक. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करवून घेण्यास मनाई आहे. प्रत्येकाने आपले तास रोज वहीत मांडावेत. तशी वही असली म्हणजे तोंडी बोलण्याला आधार येतो.

चौथी गोष्ट राहण्याच्या जागेची. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना नोकरी होती पण राहावयास खोली नव्हती. पारशी धर्मशाळेत ते उतरले, आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. नोकरी मिळाली म्हणजे छप्पर मिळालेच, असे आपण तरी कधी समजू नये. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे मालकाने योग्य निवास द्यावा, अथवा त्याचे पैसे द्यावेत वा ते पगारात धरावेत. यांतले काय मिळणार, हे पत्रातच लिहून घ्या.

नोकरीचे पहिले सहा महिने अजमावणीचे असू शकतात. त्यांत मालकाला काढावयाचे झाल्यास चौदा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. आपणांस देश सोडून परतावयाचे असल्यास आपणही तेवढीच द्यावी. तेथेच दुसरीकडे जावयाचे असल्यास महिन्याची. परंतु रागाच्या भरात न सांगता काम सोडून जाऊ नका. तसे केल्यास मालक तुम्हांस बेपत्ता म्हणून नोंदवू शकतो, आणि मग न्याय मागणाराच लपत फिरतो. अडचण आल्यास दुबईत आपला वाणिज्य दूतावास आहे, अबुधाबीत राजदूतावास आहे. तेथे जाणे म्हणजे भीक मागणे नव्हे. आपल्या नागरिकाची दाद घेणे हे त्यांचे कामच आहे.

मावशी, आता तुमच्या प्रश्नाचे शेवटचे उत्तर. मुलाने काय करावे हे मी सांगितले. तुम्ही काय करावे हे त्याहून महत्त्वाचे आहे. परदेशी गेलेल्या माणसाचा अर्धा हक्क त्याच्या घरी असतो. अटींचे पत्र, पासपोर्ट, व्हिसा, दलालाची पावती, विम्याचा कागद यांची एकेक नक्कल घरच्या पेटीत ठेवा. मालकाचे नाव, पत्ता व त्याच्याबरोबर राहणाऱ्या एका सोबत्याचा दूरध्वनी क्रमांक वहीत लिहा. लेकीला बसवून हिंदी प्रत मोठ्याने वाचून घ्या, आणि जे कळणार नाही त्यावर खूण करून माझ्याकडे आणा. दर रविवारी सभेनंतर मी येथेच बसतो.

माझ्या त्या अशिलाच्या घरी अशी पेटी असती, तर मी त्याला रिकाम्या हातांनी परत पाठविले नसते. तुमच्या मुलाच्या बॅगेत पापड भरलेच आहेत. आज रात्री त्याचे कागद पेटीत भरा.

जयभीम.