दाखवणारा किरण, मोडणारा किरण
(प्रौढ साक्षरता वर्गातील भाषण)



अजिंठ्याची लेणी आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर आहेत. तेथे चित्रांसमोर कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा लावू देत नाहीत. का बरे? चित्र दिसायला उजेड हवा. पण फार उजेडाने जुने रंग फिके पडतात. जो उजेड चित्र दाखवतो, तोच ते बिघडवतो. शास्त्रज्ञांनाही हीच अडचण आली. तिच्यातून त्यांनी वाट कशी काढली, ते आज पाहू.

क्ष-किरण आपल्या ओळखीचे आहेत. हात मोडला, की घाटी दवाखान्यात एक्स-रे काढतात. जर्मनीतील राँटगेन यांनी १८९५ साली हे किरण शोधले. त्यांनी हाड दिसते. पण हाडाहून कितीतरी बारीक वस्तूचा आकारही त्यांनी कळतो. ती वस्तू म्हणजे प्रथिन.

प्रथिन म्हटले, की आपल्याला डाळ नि अंडे आठवते. पण रक्तातले हिमोग्लोबिन हेही प्रथिनच. ते प्राणवायू अंगभर पोचवते. प्रथिन म्हणजे बारीक मण्यांची माळ. ती ठराविक रीतीने गुंडाळलेली असते. जसा आकार, तसे काम!

हिमोग्लोबिनमध्ये चार माळा असतात. त्यांतील दोन माळांत प्रत्येकी १४६ मणी. त्यातला सहावा मणी बदलला आणि असा बदल आई-बाप दोघांकडून आला, तर मुलाला सिकलसेलचा आजार होतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. अंग ठणकते. नंदुरबार, गडचिरोलीकडे हा आजार पुष्कळ आढळतो. पहा, एका मण्याने केवढा अनर्थ! म्हणून प्रथिनाचा आकार कळला पाहिजे. कुलूप पाहिल्यावाचून किल्ली कशी घडवणार? औषधाचेही तसेच आहे.

मग आकार पाहायचा कसा? पाकातून खडीसाखर धरते, तसे प्रथिनाचे बारीक खडे करतात. खड्यातून क्ष-किरण सोडतात. ते विखुरतात आणि त्यांचे ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून गणित करून आकार काढतात. पेरुट्झ आणि केंड्र्यू यांना याच कामासाठी १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शेजारी, इंदूरला, इंडस-२ नावाचे मोठे गोल यंत्र आहे. त्याच्या क्ष-किरणांवर भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिने पाहण्याची सोय केली आहे.

पण येथेच अडचण येते. क्ष-किरण अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. अणूंचे जोड तुटतात. खडा खराब होतो. म्हणून तो उणे १७३ अंशांपर्यंत थंड करतात. त्याने बिघाड मंदावतो, थांबत मात्र नाही.

२००० साली स्वीडनमधील यानोश हायदू व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार मांडला. खडा मोडायचा तर मोडो. तो मोडण्याआधीच चित्र घ्या! त्यासाठी फार तीव्र आणि फार छोटा झोत हवा. सेकंदाचे शंभर कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा. असे काही थोडेच भाग टिकणारा झोत! अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे २००९ साली तसे क्ष-किरण लेसर यंत्र सुरू झाले. एका झोताला एक खडा. खडा नष्ट होतो, चित्र उरते. पुढचा झोत, पुढचा खडा. अशी लाखो चित्रे जुळवतात.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. ठिपक्यांवरून किरणाचा जोर कळतो. पण किरणाच्या लाटेचा चढ कोठे नि उतार कोठे, ते कळत नाही. त्यावाचून आकार बसत नाही. काहीतरी खूण हवी. तीव्र झोतात जड अणू हलक्या अणूंपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन गमावतात आणि चित्रात फिके पडतात. आता एक चित्र मंद झोताचे घ्या, एक तीव्र झोताचे. दोन्ही ताडून पहा. जेथे फरक, तेथे जड अणू! खूण सापडली, की तिच्या आधाराने बाकीचा आकार शोधता येईल. अंड्याच्या पांढऱ्या बलकातले लायसोझाइम घेऊन, त्यात गॅडोलिनियम हा जड धातू मिसळून, हा फिकेपणा मोजला गेला. ते काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. बिघाड टळत नाही ना? मग त्यालाच साक्षीदार करा, असा हा विचार.

आता एक सांगणे. हे वाचून दवाखान्यातल्या एक्स-रेला भिऊ नका. तेथे किरण फार थोडे असतात. डॉक्टरांनी सांगितले, तर एक्स-रे जरूर काढा. उगीच हट्टाने मात्र काढू नका. आणि बाई गरोदर असेल, तर तिने ते आधी सांगावे.

किरण दाखवतो, किरण मोडतो. दोन्ही जाणून घेऊन वापरणे, हेच शहाणपण.