विदर्भाच्या उन्हात गच्चीवरची बाग

आजचा भाग गच्चीवरच्या बागेवर आहे, आणि त्यातही बागेच्या सगळ्यात अवघड महिन्यावर, म्हणजे मे महिन्यावर. मी बोलतेय नागपुरातून. ज्यांना आमचा उन्हाळा माहीत नाही त्यांच्यासाठी एकच आकडा सांगते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तेही सावलीतलं, बरं का. हवामान खात्याचा तापमापक सावलीतच ठेवलेला असतो. आपल्या गच्चीची फरशी आणि त्यावरची काळी ग्रो बॅग त्या वेळी किती तापत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

दर वर्षी जून उजाडला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "माझ्या हाताला झाड लागतच नाही हो." डिसेंबरात याच माणसाने टमाट्यांनी भरलेल्या टोपलीचे फोटो पाठवलेले असतात. मेमध्ये दहा-बारा कुंड्या वाळतात, आणि रिकाम्या कुंड्या कायमच्या जिन्याखाली जातात. मला आज या वाक्याशी भांडायचंय. झाडं मेली ती तुमच्या हातामुळे नाही. बागकामाचं जे वेळापत्रक आपण डोक्यात घेऊन बसतो, ते मुळात आपल्या हवेचं नाही.

म्हणजे बघा. बागकामाची बरीचशी पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांतून आलेले असतात. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, बाग झोपते, आणि ऊन आलं की सगळं फुलतं. आपल्याकडे बरोबर उलटं आहे. तिकडे जो जानेवारी, तो आपल्याकडे मे. त्यांच्या बागेत जानेवारीत टमाटे आले नाहीत म्हणून कोणी रडत नाही. आपण मात्र मेमध्ये टमाट्याला फळ का धरत नाही म्हणून खतावर खत घालत बसतो.

टमाट्याचं कारण समजून घेऊ. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर जायला लागलं आणि रात्रही गरम राहिली की त्याचे परागकण निकामी होतात. फूल येतं आणि गळून जातं. झाड हिरवंगार असतं, तरी फळ नाही. यावर खत हा उपाय नाहीच. उलट तापलेल्या मातीत जास्त खत पडलं तर मुळंच भाजतात. सांबाराचंही तसंच. (पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीबरोबरचं ते वेगळं.) उन्हाळ्यात पेरलेला सांबार चार पानं दाखवतो की लगेच तुऱ्यावर जातो. त्याला आता बी धरून मोकळं व्हायचंय. तो त्याच्या जागी बरोबरच आहे.

आता खऱ्या अडचणीकडे येते. पाणी. १२ इंची कुंडीला कडक उन्हाळ्यात रोज साधारण दीड ते दोन लिटर पाणी लागतं. गच्चीवर ४० कुंड्या असतील तर ६० ते ८० लिटर झालं, म्हणजे १५ लिटरच्या चार-पाच बादल्या. आता ज्या घरी नळ एक दिवसाआड येतो, खाली टँकरसाठी ड्रम लावून ठेवलेत, त्या घरात पाच बादल्या झाडांना घालणं ही साधी गोष्ट नाही. घरातलं कोणीतरी बोलतंच, आणि त्याचं चूक नसतं. म्हणून मी म्हणते की एप्रिल लागायच्या आधी एक दिवस गच्चीवर जाऊन बसा आणि झाडांचे तीन गट करा.

पहिला गट, ज्यांना काहीही करून जगवायचं. लिंबू, कढीपत्ता, जुनी जास्वंद, तुळस, म्हणजे ज्यांना वाढायला वर्षं लागली आहेत अशी. दुसरा गट, उन्हाळा ज्यांचा स्वतःचाच आहे अशांचा. मोगरा, मधुमालती, बोगनवेल, चाफा, आणि भाज्यांत गवार, भेंडी, चवळी. चिवळीची भाजी तर आमच्याकडे उन्हाळ्यातच खायची, आणि ती पसरट कुंडीतसुद्धा छान येते. तिसरा गट, ज्यांना सोडून द्यायचं. हिवाळ्यातले दमलेले टमाटे, झेंडू, पिटुनिया, पालक. हे मार्चअखेर काढून टाका. टमाट्याचं एखादं चांगलं देशी फळ झाडावर पूर्ण पिकू द्या, बी धुऊन सावलीत वाळवून ठेवा, आणि झाडाला निरोप द्या. जीव कासावीस होतो, मला माहीत आहे. अजून दोन हिरवी फळं लटकत असतात. पण मरणाऱ्या झाडाला घातलेलं पाणी शेजारच्या लिंबाच्या तोंडचं काढलेलं असतं.

उरलेल्या कुंड्यांसाठी आता काही सरळ गोष्टी.

एक, कुंड्या जवळजवळ आणा. सुट्या ठेवलेल्या कुंडीला चारी बाजूंनी ऊन लागतं, घोळक्यात ती शेजारणीच्या सावलीत राहते. फरशीवर थेट ठेवू नका, खाली विटा किंवा लाकडी पट्ट्या द्या. काळ्या बॅगा असतील तर बाहेरून पांढरं कापड गुंडाळा किंवा चुना फासा. पश्चिमेचं ऊन सगळ्यात वाईट. सकाळचं ११ पर्यंतचं ऊन मिळालं तरी बहुतेक झाडांना पुरतं.

दोन, हिरवी जाळी. ५० टक्के सावलीची घ्या आणि झाडांच्या शेंड्यापासून दोन-तीन फूट वर बांधा. जाळी झाडावर टेकली तर खाली हवा कोंडते आणि शेंडे भाजतात. वादळी वाऱ्यात ती उडते, तेव्हा कोपरे पक्के बांधा.

तीन, माती उघडी ठेवू नका. वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, भुसा, जे असेल त्याचा दोन इंचांचा थर द्या. कूलरच्या जुन्या ताट्या बदलल्या की त्यातलं गवत फेकू नका, चांगलं धुऊन कुंडीत पसरा.

चार, कूलरचं पाणी. हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार तळाला उरतात. म्हणून टाकीतलं शेवटचं गढूळ पाणी कुंडीत रोज घालू नका, मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा जळतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र क्षाराचं नसतं, ते खुशाल वापरा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं चालतं.

पाच, पाण्याची वेळ. सकाळी लवकर. संध्याकाळी द्यायचं असेल तर पाइपातलं पहिलं पाणी बादलीत सोडा. दिवसभर तापलेल्या पाइपात ते चहासारखं गरम असतं. आणि दुपारी दोनला पानं माना टाकतात म्हणून लगेच पाणी ओतू नका. मातीत बोट घालून बघा. दोन इंच खाली ओल असेल तर झाड फक्त उन्हापासून स्वतःला वाचवतंय, संध्याकाळी आपोआप ताठ होईल. गरम मातीत सतत पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि आपल्याला वाटतं झाड वाळून मेलं.

सहा, गावाला जाणं. मे म्हणजे लग्नं आणि सुट्ट्या. मोठ्या कुंडीत एक बिनरंगाचं मातीचं गाडगं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर झाकणी ठेवा. पाणी झिरपत राहतं. दोन-चार दिवस निभतात. त्यापुढे शेजारच्या काकूंना पर्याय नाही. त्यांना किल्ली देताना कुठल्या कुंडीला किती तांबे, ते कागदावर लिहून द्या.

कीड सुद्धा याच दिवसांत येते. जास्वंदीवर कापसासारखा पिठ्या ढेकूण, मिरचीवर लाल कोळी. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. कडुनिंबाचं तेल वापरायचं तर लिटरभर पाण्यात पाच मिली, थोडा पातळ साबण घालून, आणि तेही संध्याकाळीच. भर उन्हात तेल फवारलं तर कीड राहील बाजूला, पानंच करपतील.

एवढं करून काही झाडं जातीलच. नवतपा लागतो, २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र सुरू होतं तेव्हा, आणि त्या नऊ दिवसांत एखादी जपलेली कुंडीसुद्धा जाते. वानरांची टोळी येऊन भेंडीचं रोप मुळासकट उपटते ते वेगळंच. यावर माझ्याकडे औषध नाही. पण याच नऊ दिवसांत संध्याकाळी सातला गच्चीचं दार उघडलं की मोगऱ्याचा वास अंगावर येतो. जितकं ऊन, तितकी फुलं. ओंजळभर कळ्या माठाच्या पाण्यात टाका. थंडीतल्या टमाट्यांचा आनंद मोठा खरा, पण दिवसभर घरात कोंडून घेतलेल्या माणसाला त्या वासाने जे वाटतं, त्याची तुलना नाही.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, ज्यांनी प्रयोग परिवार उभा केला, ते गणिताचे प्राध्यापक होते. साध्या माणसाने आपल्या जागेवर प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि दुसऱ्याला सांगावं, हा त्यांचा आग्रह होता. तेच तुम्ही करा. एक जुनी वही घ्या. या मेमध्ये काय जगलं, काय गेलं, कुठल्या कोपऱ्यात, एवढंच लिहा. दोन-तीन वर्षांत तुमच्या गच्चीचं पंचांग तयार होईल, आणि ते कुठल्याही पुस्तकापेक्षा खरं असेल.

मृगाचा पाऊस पडला की जिन्याखालच्या कुंड्या वर आणा. माती उन्हात पसरून भुसभुशीत करा, शेणखत मिसळा. ऑगस्ट-सप्टेंबरात त्या राखून ठेवलेल्या बियांची रोपं करा. दिवाळीनंतर टमाटे लागायला लागतील.

पुढच्या भागात पावसाळ्यातली बुरशी आणि गोगलगायी यांच्याबद्दल बोलू. तुमच्या उन्हाळ्याच्या नोंदी मला जरूर कळवा, गेलेल्या झाडांच्याही. काळजी घ्या, डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय दुपारी गच्चीवर जाऊ नका. भेटूया.