अंगणाचे मोल

(करकंब येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



अपत्यसंगोपनाचा खर्च मांडताना आपण शाळेचे शुल्क, वह्या-पुस्तके, उन्हाळी शिबिराची वर्गणी लिहितो. परंतु अंगणातील कडुनिंब तोडून फरशी घातली, तर मुलांच्या सुटीतून काय वजा झाले, हे कोणत्या वहीत लिहायचे?

पारंपरिक खो-खोला दोन खांब आणि नऊ-नऊ सवंगडी पुरतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला, दोन्ही संघ विजेते ठरले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच! डॉ. हेडगेवारांनी १९२५ साली आरंभिलेले संघकार्यही मैदानावरील खेळांतूनच रुजले.

खरी किंमत आहे ती आपल्या वेळेची. सोलापूरचे ऊन कलल्यावर अंगणात सडा घालावा आणि तासभर मुलांसोबत खेळावे. हे मोल आई-वडिलांनी स्वतःच द्यावयाचे असते.