खेळातील कथा आणि स्वर

व्हिडिओ खेळ म्हटला की धावपळ आणि गोळीबार एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या खेळांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन दीर्घ कथा अनुभवतो, त्यांत संगीताकडे फार मोठे काम असते. १९९४ साली जपानमध्ये निघालेला ‘फायनल फँटसी ६’ हा खेळ घ्या. पडद्यावरील पात्रे पेराएवढी. चेहऱ्यावर भाव उमटावा इतकी जागा नाही. संवाद केवळ अक्षरांत. यंत्रातून एका वेळी फार तर ८ ध्वनी निघत. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर नोबुओ उएमात्सू यांनी प्रत्येक प्रमुख पात्रास स्वतःची चाल दिली.

सेलेस ही साम्राज्याची बाजू सोडून आलेली सेनानी. एका प्रसंगी तिला गायिकेच्या वेषात रंगभूमीवर उभे राहावे लागते. गीताची पुढील ओळ कोणती, हे खेळणाऱ्याने आठवून निवडावयाचे. चुकले की प्रयोग बिघडला! नटाची ही धास्ती संगीत नाटकांवर पोसलेल्या आपल्या रसिकांना निराळी सांगावयास नको. त्या गाण्यात खरा कंठ नाही, मानवी आवाजाचा नुसता आभास आहे. तरीही चाल मनात ठसते, कारण आपण ती जबाबदारीने ऐकलेली असते.

पुढे जगाचा विध्वंस होतो. सेलेस एका उजाड बेटावर जागी होते. सोबती जिवंत आहेत की नाहीत, हे तिला ठाऊक नसते. ती कड्याच्या टोकाशी जाते, तेव्हा तीच चाल पुन्हा ऐकू येते. आता मात्र तिला शब्द नाहीत, आणि ऐकणारे आपण एकटेच असतो.