पुंडलिकाची वीट

मायबाप हो, मघाशी आपण सगळ्यांनी मिळून अभंग म्हटला, त्यात पुंडलिकाचं नाव आलं. तेच नाव धरून आजची सेवा करायची आहे. तुम्ही इथे मांडवात बसून ऐकत असाल नाहीतर पुढे कधी हे पुस्तकात वाचत असाल, दोघांनाही एकच विनंती. हे ऐकताना आपल्या घरातलं म्हातारं माणूस डोळ्यांपुढे आणा.

पुंडलिकाची कथा लहान पोरालाही ठाऊक आहे. देव दारात आला, पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता, त्याने वीट भिरकावली आणि देव तिच्यावर उभा राहिला. पण मायबाप, हा झाला कथेचा शेवट. आरंभाचा पुंडलिक कसा होता? आईबापांना उलटून बोलणारा! काशीला निघाला तर आपण घोड्यावर आणि म्हातारी माणसं मागे पायी. वाटेत कुक्कुट ऋषींचा आश्रम लागला. रात्री बघतो तर मळक्या वस्त्रांतल्या स्त्रिया आल्या, त्यांनी आश्रम झाडला, सडा घातला, आणि जाताना निर्मळ होऊन गेल्या. कोण होत्या त्या? गंगा, यमुना, सरस्वती! जगाची पापं धुऊन नद्या मळतात, आणि त्या नद्या धुतल्या जातात कुठे? ज्याला काशीची वाटसुद्धा ठाऊक नाही, पण जो घरात आईबापांची सेवा करतो, त्याच्या अंगणात.

ही कथा मी वीस-बावीस वर्षं सांगतोय. ऐकणारे रडतात, सांगताना माझाही कंठ दाटतो. आता त्याच तोंडाने माझी गोष्ट सांगतो. ती ऐकून तुम्ही मला नमस्कार करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

माझी आई आज 83 वर्षांची आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी सुरुवात झाली. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. जेवण झाल्यावर घटकाभराने म्हणायची, "मला कुणी जेवाय का दिलं नाही?" आपल्याकडे याला काय म्हणतात? म्हातारचळ. साठी बुद्धी नाठी म्हणायचं आणि हसून सोडून द्यायचं. आम्हीही सोडून दिलं. दीड वर्ष वाया घालवलं.

मग डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी रक्त तपासलं. थायरॉईड बिघडलं, बी-12 कमी पडलं, तरी माणूस विसरायला लागतं म्हणाले, आणि त्यावर औषध आहे. मनाच्या उदासीनेही तसं होतं. म्हणून म्हणतो, घरी म्हातारचळाचा शिक्का मारू नका, आधी दाखवा. आणि माणूस एका-दोन दिवसांत एकाएकी बरळायला लागलं, तर वाट बघू नका. लघवीचा संसर्ग असेल, अंगातलं पाणी कमी झालं असेल. तेव्हा लगेच दवाखाना.

आईचं तसलं काही निघालं नाही. निघाला डिमेन्शिया, त्यातला अल्झायमर. 1906 साली अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा मांडला, त्यांचंच नाव त्याला पडलं. मेंदू हळूहळू झिजतो. आधी कालचं-परवाचं जातं, जुनं बरेच दिवस टिकतं. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. आणि हे एका घरचं दुखणं नाही. 2023 साली छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज असा, की आपल्या देशात साठीपुढची सुमारे 88 लाख माणसं डिमेन्शियात आहेत. शंभरात सात! या मांडवात शंभर म्हातारी माणसं असतील तर हिशेब तुम्हीच करा.

आता मुद्द्याचं. एका गावी सप्ताहात माझं कीर्तन होतं. विषय? पुंडलिक! आरती झाली, फोन बघितला तर घरून सतरा वेळा येऊन गेलेला. आई घरातून निघून गेली होती. रात्री दहाला एसटी स्टँडवर सापडली. काखेत गाठोडं, त्यात एक लुगडं आणि दोन भाकरी. म्हणाली, "म्हायेरी निघालीय. आई वाट बघत असंल."

मी पोहोचलो तो संतापलेला. सगळ्यांदेखत ओरडलो, "आई, तुझी आई मरून चाळीस वर्षं झाली!"

मायबाप, ती मटकन खाली बसली. हंबरडा फोडला. "मला कुणीच कसं सांगितलं न्हाई?" तिच्यासाठी तिची आई त्या क्षणाला गेली होती. आणि सकाळी तिला काही आठवत नव्हतं. परत म्हणाली, "म्हायेरी जायचंय." मी परत खरं सांगितलं. ती परत रडली. आठवड्यात तीन वेळा मी माझ्या आईला तिची आई मेल्याचं सुतक घातलं. का? तर मी खरं बोलत होतो म्हणून!

चौथ्या वेळी आमच्या घरच्या माउली पुढे झाल्या. म्हणाल्या, "आत्या, जाऊ की. पर वाट लांबची हाय, च्या घेऊन निघू. आईला काय न्यायचं?" आई म्हणाली, "शेंगा." "आणि काय काय आवडतं हो तुमच्या आईला?" झालं! आई बोलत बसली. माहेरची विहीर, चिंचेचं झाड, आईच्या हातची उसळ. चहा संपला, गाठोडं राहिलं बाजूला. आईला माहेर पाहिजे होतं, ते तिला चुलीपुढे मिळालं. सोळा बुकं वाचून मला जे कळलं नाही, ते हिला कळलं.

त्या रात्री मी तिचं कौतुक करायला गेलो. तिने लुगडी घडी करता करता एवढंच विचारलं, "अहो, पुंडलिकाच्या बायकोचं नाव काय होतं हो?"

माझ्या पाठांतरात ते नाव नव्हतं. वीस वर्षं कथा सांगतोय, पण त्या म्हाताऱ्यांची लुगडी-धोतरं कुणी धुतली, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी गावोगाव सेवेची महती सांगत होतो, आणि माझ्या आईला न्हाऊ कोण घालत होतं? रात्री तीनदा उठून ओली गोधडी कोण बदलत होतं? पुंडलिक माझ्या तोंडात होता. घरात तो दुसऱ्याच रूपाने राबत होता, आणि मी त्याला ओळखलं नव्हतं. विसर आईलाच पडला होता का हो?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंश हा शब्द आहे. तिथे भगवंत सांगतात, की क्रोधातून संमोह होतो आणि संमोहातून स्मृती भ्रष्ट होते. मायबाप, आईची स्मृती मेंदूच्या आजाराने गेली, त्यात तिचा काय दोष? स्टँडवर माझी स्मृती रागाने गेली. पुढे कोण बसली आहे, हेच मी विसरलो.

मग काय करायचं? पुंडलिकाने केलं तेच. वीट द्यायची. देवाला नव्हे, आपल्या खरेपणाला. "तू थोडा थांब, आत्ता आईला माझी गरज आहे." ती म्हणाली आज सोमवार, तर सोमवार. मुलाला भाऊ म्हणाली, तर भाऊ. "ओळख पाहू मी कोण?" ही परीक्षा घेऊ नका. आपणच जाऊन सांगावं, "आई, मी तुझा थोरला, जेवायला बसू या."

दिवेलागणीला ही माणसं जास्त बावरतात. दिवा लवकर लावा, घरातला गोंगाट कमी करा. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद ठेवा. औषधाचा डबा त्यांच्या हाताशी नको. खिशात नाहीतर गळ्यात नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी असू द्या. शेजाऱ्यांपासून लपवू नका. स्टँडवर आईला थांबवून ठेवलं ते एका पानवाल्याने, कारण त्याला ठाऊक होतं. ज्येष्ठांसाठी सरकारची 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे, कुठे जायचं कळेना तर तिथे विचारा.

आणि पुरुषांनो, कान इकडे करा. सेवा एकटीच्या अंगावर टाकून तिची स्तुती करणं, ही सेवा नव्हे. चिडचिड तिचीही होते. तिलाही एक रात्र पुरती झोप हवी, चार दिवस माहेर हवं. भावाभावांनी पाळ्या लावा. पैसे पाठवणाऱ्या भावाने वर्षातून पंधरा दिवस स्वतः येऊन राहावं. मी महिन्यातल्या निम्म्या तारखा सोडल्या. बिदागी कमी झाली, खोटं बोलत नाही. पण सकाळी आईची वेणी मी घालतो. पहिले आठ दिवस वेडीवाकडी घातली, आता बरी जमते.

आता आई मला ओळखत नाही. संध्याकाळी मी शेजारी बसून हरिपाठ म्हणतो, तेव्हा मात्र तिचे हात टाळी धरतात, आणि ओठ पुढचे शब्द बरोबर म्हणतात. नाव गेलं, नाम राहिलं आहे. हरिपाठ झाला की माझ्याकडे बघते आणि म्हणते, "पाव्हणं, लांबनं आलायसा, जेवून जावा."

मी म्हणतो, "होय, जेवूनच जातो."

जयघोषात विठ्ठलाच्या आधी नाव येतं ते पुंडलिकाचं. आज म्हणताना आपल्या घरात जे कुणी पुंडलिक होऊन राबत असेल, मुलगा असो, सून असो, लेक असो, तेही नाव मनात घ्या. आणि घरी गेल्यावर त्यांच्या हातातलं निम्मं काम आपल्या हातात घ्या.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!